नळ चावतो, मॅडम!

लाइट होती आणि नव्हतीही. अबिके मॅडमच्या ऑफिसातली ट्यूब जळत होती, पण त्या उजेडात कागद वाचायचा तर खिडकी उघडावी लागत होती. पंखा इतक्या आळसात फिरत होता की त्याची पाती मोजून घ्यावीत. झेरॉक्सच्या यंत्राने वरच्या वर्गांच्या चाचणीच्या बारा प्रती काढल्या होत्या आणि मान टाकली होती. अजून अठ्ठेचाळीस बाकी होत्या.

फेब्रुवारी संपत आला होता, तरी वाळवंटाकडून येणारा तो कोरडा, धुळकट वारा यंदा नायजेरियातलं आमचं इबादान शहर सोडायला तयार नव्हता. सकाळी अंगावर काटा आणणारा गारठा, अकरा वाजले की अंगाची लाही. ओठ फुटले होते, टाचा फुटल्या होत्या, अंगणातल्या मातीलाही भेगा पडल्या होत्या.

"सानी!" मॅडम खिडकीतून ओरडल्या. "आज मीठ घातलंस का?"

"सकाळीच घातलं, मॅडम. दोन बादल्या," शाळेच्या फाटकावरचा सानी म्हणाला.

"मग अजून एक घाल! इथं मला माझाच हात दिसेना झालाय."

सानीने निमूटपणे बादली भरली, त्यात वाटीभर मीठ ढवळलं आणि शाळेच्या मागच्या भिंतीशी जमिनीत ठोकलेल्या सळईच्या बुडाशी ते पाणी ओतलं. कोरड्या मातीने ते गटागटा पिऊन टाकलं. ट्यूब जराशी उजळली. पंख्याने जरा उचल खाल्ली. मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि यंत्राचं बटण पुन्हा दाबलं.

ओके-आडो भागात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लाइट मंदावली की अर्थिंगला मीठपाणी पाजायचं, एवढं ज्ञान तिथल्या प्रत्येक घराला असतं. कुणी कुणाला शिकवलं, कधी शिकवलं, हे विचारू नका. सगळे करतात म्हणून सगळे करतात. अबिके मॅडमच्या शाळेत हा उपचार गेल्या पावसाळ्यापासून चालू होता. तेव्हाच्या एका वादळात शाळेची लाइट गेली होती आणि मुफू नावाच्या वायरमनने ती दहा मिनिटांत परत आणून दिली होती. "कंपनीकडे अर्ज कशाला करताय, मॅडम? खेपा घालता घालता चपला झिजतील. मी आहे ना!" असं म्हणून तो खांबावरच्या तारांकडे पाहत राहिला, मग मागच्या भिंतीशी काहीतरी जोडाजोड केली आणि दिवे लागले. जाताना एवढंच सांगून गेला, की जमीन सुकली तर मीठपाणी घालत चला. मॅडमनी त्याला पोटभर जेवू घातलं होतं.

आता मॅडमविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना वाईट ठरवून मोकळे व्हाल. अबिके ओगुनडिपे ही वाईट बाई नव्हती. नवऱ्यामागे बावीस वर्षं तिने एकटीने ही शाळा उभी केली होती. एकशे दहा मुलं, सात शिक्षिका आणि दर्शनी भिंतीवर सुबक अक्षरांत रंगवलेले बत्तीस नियम. नियमांवर तिचा जीव होता. नियम सात: खेळाच्या सुट्टीनंतर प्रत्येकाने अंगणातल्या नळावर हातपाय धुवावेत. नियम आठ: धुण्यापूर्वी सँडल काढून ओळीत ठेवाव्यात, ओली सँडल वर्गात चालणार नाही. गावात पटकी येऊन गेली त्या वर्षी या सातव्या नियमामुळे शाळेतलं एकही मूल आजारी पडलं नव्हतं. त्याचा मॅडमना रास्त अभिमान होता.

आणि नेमका हाच नियम गेले दोन महिने पोरं मोडत होती!

कोणी धुळीच्या पायांनीच वर्गात घुसे. कोणी हात फ्रॉकला पुसून 'धुतले' म्हणून सांगे. सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे रोज आठ-दहा मुलांच्या सँडल ओल्या सापडत. तीही एकेकच सँडल, उजवी. मॅडमनी ओरडून पाहिलं, पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या, पोरांना गुडघ्यावर बसवून हात वर धरायला लावलं. काही उपयोग झाला नाही. जगात सगळ्यांनी मिळून आपल्याला छळायचं ठरवलंय, असं त्यांना वाटू लागलं होतं. लाइट छळते, यंत्र छळतं, वारा छळतो, आणि आता ही चिमुरडीसुद्धा!

त्या दिवशी सुट्टीनंतर शिक्षिकेने दुसरीतल्या इबिदुनला दंडाला धरून ऑफिसात आणलं. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही अशी ही पोरगी.

"मॅडम, ही नळाला हात लावत नाही. वर इतरांना शिकवते, लावू नका म्हणून."

"का ग? तू शाळेची इन्स्पेक्टर आहेस का?"

"नळ चावतो, मॅडम."

"काय करतो?"

"चावतो. असा." इबिदुनने आपल्याच मनगटाला झटका देऊन दाखवला. "कोपरापर्यंत."

"नळाला दात असतात होय? तुला नाहीत ते?"

दारात गर्दी करून उभी असलेली पोरं हसली. इबिदुन हसली नाही. मॅडम ताडकन उठल्या, पोरीचा हात धरून तरातरा अंगणात गेल्या, आणि सगळ्यांदेखत त्यांनी नळाची लोखंडी चावी मुठीत घट्ट धरली. पाणी सोडलं, बंद केलं, पुन्हा सोडलं.

"कुठं चावला मला? दाखव! कुठं चावला?"

"आत्ता नाही चावणार, मॅडम," इबिदुन शांतपणे म्हणाली. "आत्ता तुमचा एसी बंद आहे. एसी लागला की चावतो."

आता मात्र शिक्षिकाही तोंडावर हात धरून हसल्या. मॅडमच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इतका वेळ नुसता खोटेपणा होता, आता उर्मटपणा झाला! गावभर लोक म्हणतच होते, की पोरं घामाघूम होतात आणि बाई स्वतः गारव्यात बसते. घरात असलं काही ऐकल्याशिवाय सात वर्षांची पोर एसीचं नाव घेईल?

"गुडघ्यावर बस! हात वर!" त्या कडाडल्या. "आणि उद्या सुट्टीनंतर सगळी शाळा इथं रांगेत उभी राहील. सगळ्यांसमोर तू या नळावर हातपाय धुशील. चांगले रगडून धुशील. मग सांग सगळ्यांना, नळ चावतो की तू खोटं बोलतेस ते!"

इबिदुनच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही, कारण हात वर होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम मुद्दाम लवकर आल्या. चाचणीच्या प्रती आज काढून संपवायच्याच होत्या. त्यांनी सानीला चार बादल्या मीठपाणी घालायला लावलं, आणि खरोखर लाइट कशी लखलखीत झाली! यंत्र खडखड करत चाललं, खाऊच्या खोलीतला फ्रीज घरघरू लागला, आणि दहाच्या सुमाराला तीन-चार दिवसांनी एसीसुद्धा लागला. मॅडम गार हवेत डोळे मिटून क्षणभर बसल्या. सकाळपासून प्रथमच त्यांना बरं वाटलं.

अकरा वाजता घंटा झाली. सुट्टी संपली. एकशे दहा मुलं नळासमोर चौकोनात उभी राहिली. नळाखालचं सिमेंट नेहमीसारखं ओलं होतं. इबिदुन पुढे आली. तिने नियमाप्रमाणे सँडल काढल्या, ओळीत ठेवल्या, आणि अनवाणी पायांनी त्या ओल्या सिमेंटवर जायला निघाली.

"थांब! पाऊल टाकू नकोस!"

फाटकातून एक म्हातारा जवळजवळ धावत येत होता. उंच, वाळलेला, डोक्यावर वाकडी झालेली टोपी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. सानी त्याला अडवायला मागे धावत होता. म्हाताऱ्याने मधे येऊन इबिदुनला खांद्याला धरून मागे ओढलं आणि मग गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहिला.

"तुम्ही कोण?" मॅडम म्हणाल्या. राग तर आला होता, पण समोर वडीलधारा माणूस होता. रीतीप्रमाणे त्यांनी गुडघे किंचित वाकवले.

"हिचा आजोबा. लामिदी. सकाळी पोर शाळेत यायला तयार नव्हती. सुनेने मारून पाठवली. मागाहून मला कारण कळलं." त्याने पुन्हा श्वास घेतला. "मॅडम, चाळीस वर्षं मी वायरिंगचा फोरमन होतो. दवाखाने केले, गिरण्या केल्या. माझं एक ऐकाल?"

"बाबा, तुमच्या वयाचा मान आहे. पण पोरीला पाठीशी घालू नका. काल मी स्वतः नळ धरला होता. या मुठीत! मला काही झालं नाही."

"पायात काय होतं?"

"काय म्हणजे? बूट होते. हेच."

"रबरी तळाचे." म्हाताऱ्याने मान हलवली. "आणि पोरांच्या पायात?"

ओळीत मांडलेल्या त्या दोन छोट्या सँडलकडे मॅडमची नजर गेली आणि परत आली.

बाबा लामिदीने पिशवीतून एक होल्डर काढला. त्यात दिवा, आणि त्याला दोन लांबलचक वायरी. एका वायरीच्या टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला लोखंडी खुंटी. त्याने पायातल्या जाड रबरी चपला तपासल्या, मुलांना दहा पावलं मागे सारलं, आणि खुंटी दूर फाटकाशी गटाराच्या ओल्या चिखलात रोवली. मग चिमटा फक्त नळाला लावला. नुसत्या नळाला! जवळपास बटण नाही, सॉकेट नाही, काही नाही.

दिवा लागला.

लख्ख नाही, पिवळसर तांबडा. पण लागला. एकशे दहा पोरांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. कोणीतरी ओरडलं, "नळातून लाइट आली!" दोन-तीन पोरांनी सवयीने टाळ्या पिटल्या आणि मग काहीतरी चुकलंय हे कळून हात खाली घेतले.

"एसी बंद करायला सांगा," बाबा म्हणाला.

एक शिक्षिका आत पळाली. दिवा मंदावला, मंदावला, आणि दिव्यातली नुसती तार लाल राहिली.

"लावा."

दिवा पुन्हा उजळला.

पोरगी काल हेच सांगत होती. अगदी हेच, याच शब्दांत. एसी लागला की चावतो. सात वर्षांच्या पोरीने दोन महिने बघून, ताडून जे शोधून काढलं होतं, त्यावर सगळे हसले होते. आणि सगळ्यांत आधी थट्टा करणाऱ्या मॅडम स्वतःच होत्या.

"पण बाबा," त्या हट्टाने म्हणाल्या, कारण माणसाचा हट्ट असा एका दिव्याने जात नसतो, "अर्थिंगला आम्ही रोज मीठपाणी घालतो. आज तर चार बादल्या घातल्या! आणखी काय करायचं माणसानं?"

"मीठपाणी!" म्हाताऱ्याचा संयम सुटला. "जन्मभर मी हेच ऐकत आलो. मीठ घालतो, मीठ घालतो! कशाला घालता ते कधी विचारलंत? चला, दाखवा मला ती सळई."

सळईपाशी जाऊन त्याने नुसतं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे कुणी केलं?"

"मुफूने. गेल्या पावसाळ्यात."

"मॅडम, वीज एका तारेने आत येते, काम करते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. आणणारी ती फेज, परत नेणारी ती न्यूट्रल. तुमची न्यूट्रल तार वादळात खांबाजवळ तुटली. ती कंपनीकडून जोडून घ्यायची सोडून या शहाण्याने न्यूट्रल काढून अर्थिंगच्या सळईला बांधली! आता तुमच्या शाळेची सगळी वीज, पंख्यांची, फ्रीजची, एसीची, कामं आटोपून याच सळईवाटे जमिनीत जातेय. जमीन कोरडी पडली की घेत नाही, म्हणून तुमची लाइट मंद होते. मीठपाणी ओतलं की घेते, म्हणून तुम्हाला वाटतं, औषध लागू पडलं!"

"पण अर्थिंग त्यासाठीच असतं ना? वीज जमिनीत न्यायला?"

"ते संकटासाठी असतं, रोजच्या रहदारीला नव्हे. तुमच्या शाळेला मागचं दार आहे ना, आग लागली तर पोरांना पळता यावं म्हणून? त्या दारात तुम्ही बाकं रचून ठेवाल का?"

"छे! नियम एकोणीस..." मॅडम बोलून गेल्या आणि थांबल्या.

"बघा! तुमच्या नियम एकोणीसमागे काहीतरी कारण आहे ना? पोरांना छळायला नाही केलात. तसेच वायरिंगचे नियम कुणीतरी खुर्चीत बसून तुम्हाला छळायला नाही लिहिलेले. न्यूट्रल वेगळी, अर्थिंग वेगळं, असं लिहिलंय तिथं कुणाचा तरी जीव गेलेला असतो, मगच ती ओळ येते. या सळईलाच तुमच्या पाण्याच्या पंपाच्या अर्थिंगची तार आहे. पंपाला लोखंडी पाइप. पाइपाच्या टोकाला तुमचा नळ. भार वाढला की सळईत वीज तुंबते आणि मिळेल त्या वाटेने जमिनीत शिरू बघते. ओल्या सिमेंटवर अनवाणी उभं असलेलं पोर, मॅडम, ही तिला सगळ्यांत सोपी वाट. तुम्ही जितकं मीठ घालून लाइट चांगली केलीत, तितकी जास्त यंत्रं लावलीत, आणि दुपारी ऊन चढून माती सुकली, की त्या सगळ्यांचा भार पोरांच्या नळावर!"

मॅडम भिंतीला टेकल्या. दोन महिने. रोज एकशे दहा मुलं. आणि रोज त्यांनीच, स्वतःच्या तोंडाने, त्यांना सँडल काढायला लावल्या होत्या.

"मग... मग आजवर काही झालं कसं नाही?" त्यांनी विचारलं.

इबिदुन आजोबांच्या मागून डोकावत होती. तीच म्हणाली,

"आम्ही हात लावतच नव्हतो ना, मॅडम. सँडलने चावी फिरवायची. उजव्या सँडलने. ती रबराची आहे, मग नळ चावत नाही. मी शिकवलं सगळ्यांना."

ओल्या सँडल! एकेकच, उजवी! मॅडमनी त्यासाठी किती पोरांना गुडघ्यावर बसवलं होतं, ते त्यांना आता आठवायचंही नव्हतं. पोरं वाचली होती ती आज्ञा पाळून नव्हे. त्यांनी मॅडमची आज्ञा मोडली, मार खाल्ला, पुन्हा मोडली, म्हणून वाचली! पालकांनी चिठ्ठ्या वाचून घरी आणखी मारलं असेल ते वेगळंच. बावीस वर्षांची शिस्त, बत्तीस नियम, आणि एका पोरीच्या सँडलने एवढ्या लेकरांचा जीव सांभाळला होता!

मॅडमनी स्वतः आत जाऊन मेन स्विच खाली ओढला. ट्यूब गेली, पंखे थांबले, गार हवा थांबली. मग त्यांनी मुफूला फोन लावला.

"लाइट तर येत होती ना, मॅडम?" तो पलीकडून मोठ्या उमेदीने म्हणाला. "लोक म्हणतात, मुफूच्या हाताला यश आहे!"

"न्यूट्रल तुटलेली आहे हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे काय! म्हणून तर अर्थिंगला दिली. सगळीकडे तसंच करतो. अजून कुणाची तक्रार नाही."

"तक्रार होती, मुफू," मॅडम म्हणाल्या. "दोन महिने होती. मीच ऐकत नव्हते." आणि त्यांनी फोन ठेवला. मुफूवर ओरडायला त्या किती शब्द जमवून बसल्या होत्या! पण ते सगळे उलटून आपल्याच अंगावर येतील, हे त्यांना कळून चुकलं होतं.

बाहेर मुलं अजून रांगेत उभी होती. बारा वाजत आले होते, ऊन डोक्यावर होतं, आणि त्यांना हलायला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम त्यांच्यासमोर गेल्या. आमच्याकडे मोठं माणूस लहानाची माफी मागत नाही. फार तर दुसऱ्या दिवशी जेवताना मांसाचा मोठा तुकडा वाढतं. मॅडमनाही क्षणभर तोच मार्ग सोपा वाटला. पण समोर इबिदुन होती, आणि कालच्या शिक्षेची धूळ तिच्या गुडघ्यांवर अजून होती.

"इबिदुन," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तू खरं बोललीस. मी तुला खोटं ठरवलं, हसले, शिक्षा केली. चूक माझी होती. मला माफ कर."

शिक्षिका एकमेकींकडे बघू लागल्या. इबिदुनला अशा वेळी काय म्हणायचं असतं ते ठाऊक नव्हतं, कारण अशी वेळ कुणावरच कधी आली नव्हती. तिने थोडा विचार केला.

"मग आता हात कुठं धुवायचे, मॅडम?" तिने विचारलं.

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर तीन आठवडे अवघड गेलं. पंप बंद, म्हणून पाणी शेजारच्या विहिरीवरून बादल्यांनी आणावं लागलं. मॅडम स्वतः एक बादली वाहत. कंपनीकडे अर्ज गेला, खेपाही घालाव्या लागल्या, आणि एक दिवस खांबापासून नवी न्यूट्रल आली. बाबा लामिदीच्या देखरेखीखाली अर्थिंगची सळई मोकळी झाली. एसीला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र स्विच मिळाला. वीज गळली तर क्षणात सगळं बंद करणारं एक यंत्र बसलं. तोवर पालक कुरकुर करत होते, की इतर शाळांत लाइट आहे, हिच्याकडेच अंधार कसा. मॅडम प्रत्येकाला फाटकापाशी उभं करून सगळं सांगत. काही ऐकत. काही म्हणत, "आमच्याकडेही मीठ घालतात, काही होत नाही," आणि निघून जात. मग मॅडम जागच्या जागी हात चोळत राहत. आपण महिन्यापूर्वी याच्याच जागी होतो, हे आठवून त्यांना आणखी चीड येई.

शेवटी एका शनिवारी त्यांनी बाबा लामिदीला बरोबर घेतलं आणि शाळेच्या गल्लीतलं एकेक घर गाठलं. पहिलं घर हज करून आलेल्या अल्हाजी साकांचं. दुमजली, रंगवलेलं, दारात दोन मोटारी. अल्हाजींनी दोघांना बसवलं, थंड पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि पोट हलवत हसले.

"आमच्याकडे? मॅडम, काहीतरीच काय! घरात सगळं सामान पहिल्या प्रतीचं. वायरमन नावाजलेला. इथं कुणाला कधी मुंगी चावल्याएवढासुद्धा झटका बसलेला नाही."

मॅडमनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. जाड तळाच्या चामडी चपला होत्या. अल्हाजींच्या खुर्चीमागे त्यांची चार वर्षांची नात उभी होती, अनवाणी.

"माफ करा, अल्हाजी," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारलंच नाही." त्या खुर्चीतून उठल्या आणि त्या मुलीसमोर फरशीवर बसल्या. "बाळ, तुमच्या घरात काही चावतं का ग?"

मुलीने आजोबांकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. मग हळूच म्हणाली,

"फ्रीज चावतो. पण सांगितलं की आजोबा रागावतात."

अल्हाजींचं हसू जागीच गोठलं. बाबा लामिदीने पिशवी उघडली.

त्या दिवशी गल्लीतल्या बारा घरांपैकी पाच घरांत काही ना काही चावत होतं. पाचही घरांत मोठी माणसं 'काही नाही' म्हणाली होती आणि पाचही घरांत मुलांना माहीत होतं!

माझ्या बंधुभगिनींनो, विजेचा कायदा फार कुणी वाचत नाही. तो वाचायला किचकट आहे हे मीही मान्य करतो. पण घरात तार ओढताना जाणत्या माणसाला विचारा, आणि 'सगळे असंच करतात' हे कारण वायरमनच्या तोंडून आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. मंद दिव्याने कुणी मरत नाही. जुगाडाने उजळलेल्या दिव्याने माणूस मरतो! आणि तुमच्या घरातलं लहान मूल उद्या म्हणालं, की अमुक गोष्टीला हात लावला की झिणझिण्या येतात, तर हसू नका, ओरडू नका. आधी मेन स्विच बंद करा. त्याचं बोलणं नंतर तपासा, आणि ते खोटं निघालं तर देवाचे आभार माना.